उपळसरी विकत घेताना: अख्खे मूळ, चूर्ण, आसव आणि सरबत

पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये काष्ठौषधींची जी मोजकी दुकाने अजून टिकून आहेत, त्यांपैकी एका दुकानातून या उन्हाळ्यात मी उपळसरी, म्हणजेच अनंतमूळ, वेगवेगळ्या रूपांत विकत घेतली. सुटे अख्खे मूळ, दुकानातच दळून पिशवीत भरलेले चूर्ण आणि गल्ल्याजवळ रांगेने मांडलेल्या दाक्षिणात्य सरबताची एक बाटली घेतली, शिवाय तुलनेसाठी एका औषध कंपनीचे सारिवाद्यासव, म्हणजे सारिवा (उपळसरीचेच संस्कृत नाव) घालून आंबवलेले औषध, तेही घेतले. चारही वस्तू एकाच वनस्पतीच्या नावावर विकल्या जातात. तरी त्यांच्या गुणांमध्ये इतके अंतर आहे की, ग्राहकाने नेमके काय घ्यावे हे स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. अख्खे मूळ निःशंकपणे घ्यावे, चूर्ण शक्यतो टाळावे, आसव वैद्यांनी सांगितले तरच आणावे आणि सरबत हे सरबत म्हणूनच प्यावे, असे माझे मत आहे. पुढचे विवेचन या मतामागची कारणे देण्यासाठी आहे.

उपळसरी ही विरळ रानात, करवंदीच्या जाळ्यांत, शेताच्या बांधांवर आणि सह्याद्रीच्या खालच्या उतारांवर वाढणारी बारीक, तारेसारख्या खोडाची वेल आहे. करवंद, कण्हेर आणि रुई ज्या कुळातील आहेत, त्याच कुळातील ही वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव हेमिडेस्मस इंडिकस असे आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली तिचे वर्णन पेरिप्लोका या दुसऱ्या प्रजातीत केले होते आणि आजचे नाव तिला पुढे रॉबर्ट ब्राउन या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञामुळे मिळाले. तिची पाने समोरासमोर येतात, पण एकाच वेलीवर काही पाने गवतासारखी अरुंद तर काही लंबगोल असतात. बहुतेक पानांच्या मध्यशिरेलगत पांढुरका पट्टा दिसतो आणि पान खुडले की दुधासारखा चीक येतो. फुले इतकी लहान आणि हिरवट-जांभळी असतात की, रानात हिंडणाऱ्याचे लक्ष त्यांच्याकडे सहसा जात नाही. एवढ्या खुणा असल्यामुळे रानात ही वेल ओळखणे फारसे अवघड नाही, परंतु बाजारात ग्राहकाच्या हाती फक्त मूळ येते. तिथे पान नसते, चीक नसतो, आणि पारख करण्यासाठी डोळे, नाक आणि जीभ एवढीच साधने उरतात.

या दुकानातील अख्खे मूळ या तिन्ही कसोट्यांवर उतरले. चांगली उपळसरी बोटापेक्षा बारीक, साधारण 3 ते 8 मिलिमीटर जाडीची, वेडीवाकडी आणि कडक असते, आणि तिचे तुकडे वीतभर ते हातभर लांब असतात. साल गडद तपकिरी असून तिच्यावर किंचित जांभळट-करडी झाक असते आणि आडव्या भेगा पडलेल्या असतात. मूळ मोडले की आतला काष्ठमय गाभा पिवळसर दिसतो. मी घेतलेल्या मुळ्यांपैकी बहुतेक अशाच होत्या. काही जाड तुकड्यांची साल मात्र गळून गेली होती आणि निव्वळ लाकूड उरले होते. ते मी बाजूला काढले, कारण या वनस्पतीचे बहुतेक सगळे वैभव तिच्या सालीत असते. नखाने साल खरवडली की व्हॅनिलाची आठवण करून देणारा एक गोडसर, उबदार गंध येतो. याचे कारण असे की, तो गंध देणारे 2-हायड्रॉक्सी-4-मेथॉक्सीबेन्झाल्डिहाइड हे रसायन व्हॅनिलिनचे समघटक आहे. दोन्हींची अणुसंख्या तीच आहे, फक्त मांडणी निराळी आहे. साल काढून टाकलेला गाभा हुंगला तर जवळपास काहीच वास येत नाही. म्हणून दुकानात मूळ घेताना ते वरवर हुंगून भागत नाही. एक तुकडा मोडावा, साल दातांखाली धरावी, आधी गोडवा आणि मागाहून किंचित तुरटपणा जाणवतो का ते पाहावे, आणि मगच वजन करायला सांगावे. या दुकानातील वृद्ध मालक हे सगळे शांतपणे करू देतात, ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे. "काका, एक मोडून बघू का?" असे विचारल्यावर त्यांनी स्वतःच एक मुळी मोडून हातात दिली आणि म्हणाले, "बघा की, वास नसेल तर घेऊच नका."

भेसळीचा विषय इथे टाळता येणार नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत सारिवा दोन सांगितल्या आहेत, श्वेत आणि कृष्ण. श्वेत सारिवा म्हणजे आपली उपळसरी याविषयी आज फारसा वाद नाही. कृष्ण सारिवा म्हणून मात्र वेगवेगळ्या प्रांतांत क्रिप्टोलेपिस आणि इक्नोकार्पस या दोन निराळ्या वनस्पतींची मुळे वापरली जातात. ही परंपरेने मान्य केलेली प्रतिनिधी द्रव्ये आहेत, त्यामुळे त्यांना सरसकट भेसळ म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांना उपळसरीचा सुगंध नसतो, आणि दुकानदाराने ती "अनंतमूळ" या एकाच नावाखाली दिली तर ग्राहकाला मागितलेली वस्तू मिळत नाही. त्याहून चकवणारी वनस्पती म्हणजे दक्षिणेकडची डेकालेपिस हॅमिल्टोनी. तिच्या मुळांत सुगंधाचे तेच रसायन असल्यामुळे नाकावर विसंबणारा ग्राहक तिथे हमखास फसतो. फरक ओळखायचा तो जाडीवरून आणि पोतावरून: डेकालेपिसची मुळे मांसल आणि गाजरासारखी जाड असतात. कर्नाटकात त्यांचे लोणचे घालतात, यावरूनच ती किती गरदार असतील याची कल्पना यावी. उपळसरीचे लोणचे घालण्याचा विचार कोणाच्या मनात येणार नाही, इतकी ती चिवट आणि लाकडी असते. आणखी एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. त्याच दुकानात उपलेट नावाचे दुसरे एक मूळ असते, जे उटण्यात आणि धूपात पडते आणि ज्याचा वास उग्र असतो. गर्दीच्या वेळी एकाच्या जागी दुसरे पुडीत बांधले जाऊ शकते, म्हणून पुडी घरी नेण्यापूर्वी उघडून पाहावी.

या मुळाचा पारंपरिक उपयोग कशासाठी होत आला, हे पाहिल्याशिवाय त्याच्या निरनिराळ्या रूपांची तुलना करता येत नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. चरकसंहितेत दहा-दहा द्रव्यांचे जे पन्नास गट सांगितले आहेत, त्यांतील अनेक गटांत सारिवेचा समावेश आहे. ताप उतरवणाऱ्या द्रव्यांत, दाह शमवणाऱ्या द्रव्यांत, वर्ण सुधारणाऱ्या द्रव्यांत, कंठाला हितकर द्रव्यांत आणि स्तन्य शुद्ध करणाऱ्या द्रव्यांत ती आहे. दाहशामक गटातील तिचे सोबती पाहिले तर तिच्या स्वभावाचा नेमका अंदाज येतो, कारण तिथे साळीच्या लाह्या, चंदन, ज्येष्ठमध, खडीसाखर, नीलकमळ, वाळा आणि गुळवेल अशी सगळी शीतल मंडळी आहेत. सुश्रुताने तर एका गणाला तिचेच नाव दिले असून तो सारिवादि गण तहान, रक्तपित्त (रक्तस्रावाचा विकार), पित्तज्वर आणि विशेषतः दाह यांवर सांगितला आहे. थोडक्यात, हे मूळ उष्णतेच्या तक्रारींचे आहे. मराठी घरांत त्याचा जो वापर झाला, तोही मुख्यतः याच दिशेने झाला: उन्हाळी लागून लघवीला जळजळ होणे, घामोळी येणे, अंगाची आग होणे, तोंड येणे, तळपाय जळजळणे. वातरक्तात (सांधे सुजून दुखण्याचा एक विकार) सांध्यांची आग होत असेल तर बाहेरून लावण्यासाठी जे पिंडतैल करतात, त्यातही मेण, मंजिष्ठा आणि राळ यांच्या जोडीला सारिवा असते.

कोकणातील एक जुनी कृती मला विशेष रोचक वाटते. तीत उपळसरीची ताजी मुळे केळीच्या पानांत गुंडाळून गरम राखेत भाजतात, नंतर ती जिरे आणि साखर यांच्याबरोबर कुटून तुपात कालवतात आणि मूत्रमार्गाच्या तक्रारींवर देतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत राहून औषधी वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांनी ही कृती नोंदवून ठेवली आहे. सुजेवर मुळाचा गरम लेप घालण्याची रीतही त्यांनीच टिपली आहे. त्याच नोंदींत कोकणात डोळे आले असता वेलीचा चीक डोळ्यांत घालत असल्याचाही उल्लेख येतो. हा प्रकार मात्र आज कोणीही करू नये, कारण रुईच्या कुळातील वनस्पतींचा चीक डोळ्याला इजा करू शकतो. जुने म्हणून सगळेच अनुकरणीय असते असे नाही. राखेत भाजण्याच्या कृतीत मात्र एक शहाणपण दिसते: पानाच्या आवरणामुळे मूळ स्वतःच्याच वाफेत शिजते आणि सुगंध उडून जात नाही.

हा सुगंधाचा मुद्दा केवळ रसिकतेचा नाही, आणि माझ्या मते उपळसरीच्या खरेदीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. मुळातील सुगंधी द्रव्य बाष्पनशील आहे. उघड्या भांड्यात खळखळून उकळले की ते वाफेबरोबर निघून जाते. म्हणून ज्या द्रव्यांचे सार उडून जाणारे आहे, त्यांच्यासाठी आपल्या वैद्यकाने काढ्याऐवजी हिम आणि फांट या दोन पद्धती सांगितल्या आहेत. हिम म्हणजे कुटलेले द्रव्य सहा पट थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी कुस्करून गाळून घेणे, आणि फांट म्हणजे चौपट उकळते पाणी ओतून झाकून ठेवणे आणि निवले की गाळणे. भारत सरकारच्या आयुर्वेदीय औषधकोशात श्वेत सारिवेची मात्रा काढ्यासाठी 20 ते 30 ग्रॅम अशी दिली आहे, आणि वैद्य काढाही देतातच, कारण मुळातील सगळेच घटक काही उडून जाणारे नाहीत. परंतु घरी, उन्हाळ्यात, थंडावा म्हणून घ्यायचे असेल तर हिमासारखा दुसरा प्रकार नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी हे मूळ आपल्या औषधसूचीत घेतले तेव्हा त्यांनीही ते सरबताच्या म्हणजे सिरपच्या रूपात घेतले, आणि ते तयार करताना मूळ उकळत न ठेवता गरम पाण्यात भिजवत असत.

दुकानातून आणलेल्या मुळाचा हिम मी खलबत्त्यात मुळे नुसती ठेचून, मातीच्या भांड्यात झाकून केला. सकाळी गाळलेले पाणी फिकट तांबूस, गोडसर आणि पिऊन झाल्यावरही काही काळ घशात सुगंध रेंगाळावा असे होते. त्यात साखर घालण्याची गरजच पडली नाही. फांटाचा रंग अधिक गडद आला, पण त्यात तुरटपणाही अधिक उतरला. उघड्या पातेल्यात केलेला काढा या दोन्हींच्या तुलनेत मातकट आणि निर्जीव वाटला, आणि स्वयंपाकघरभर मात्र सुंदर वास सुटला होता, म्हणजे जे पेल्यात हवे होते ते हवेत गेले. याशिवाय काही मुळ्या वाळ्याच्या जुडीबरोबर माठात टाकल्या. वाळ्याचा वास प्रबळ असल्यामुळे उपळसरी त्यात झाकली जाते, तेव्हा माठासाठी दोन्ही एकत्र वापरण्यापेक्षा आलटून पालटून वापरणे बरे. मुळे दर दोन-तीन दिवसांनी बाहेर काढून उन्हात खडखडीत वाळवावी लागतात, नाहीतर त्यांच्यावर बुळबुळीत थर चढतो.

आता चूर्णाविषयी. दुकानदाराने ते "आमच्याच चक्कीवरचे" असल्याचे सांगितले आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे मला काही कारण नाही. परंतु पिशवी उघडल्यावर वास इतका मंद आला की, डोळे मिटून कोणी हातात दिले असते तर ते कोणत्या मुळाचे चूर्ण आहे हे सांगता आले नसते. यामागे दोन कारणे संभवतात. पहिले असे की, दळल्यावर मुळाचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो, चक्कीत ते तापते आणि पुढे साध्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत पडून राहते, त्यामुळे सुगंधी द्रव्य झपाट्याने उडून जाते. दुसरे असे की, साल गळालेले जाड, लाकडी तुकडे अख्ख्या स्वरूपात कोणी घेत नाही आणि त्यांची वाट शेवटी चक्कीकडेच जाण्याची शक्यता अधिक असते. चूर्णात साल किती आणि लाकूड किती हे ग्राहकाला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. रंगावरून मात्र थोडा तर्क करता येतो: सालीचे प्रमाण चांगले असलेले चूर्ण तपकिरी दिसते, आणि लाकूडच अधिक असेल तर ते फिकट, भुशासारखे दिसते. मी घेतलेले चूर्ण दुसऱ्या प्रकाराकडे झुकणारे होते. पिशवीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव नाही, दळल्याची तारीख नाही आणि घटकही नाहीत. परवानाधारक कारखान्यातून आलेल्या डबाबंद चूर्णावर निदान परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि तारखा तरी असतात. किमतीचे म्हणाल तर अख्खे मूळ 100 ग्रॅमला 60-70 रुपयांच्या आसपास पडले आणि चूर्ण त्याच्या जवळजवळ दीडपट. अधिक पैसे देऊन कमी वस्तू घेण्याचा हा व्यवहार मला पटला नाही. ज्यांना वैद्यांनी चूर्णच सांगितले आहे, त्यांनी अख्खे मूळ आणून, उन्हात वाळवून, घरच्या मिक्सरमध्ये लागेल तेवढेच थोडे थोडे करावे. मूळ चिवट असल्यामुळे आधी ते अडकित्त्याने बारीक कातरून घ्यावे लागते, नाहीतर मिक्सरचे पाते अडकते.

सारिवाद्यासव हा प्रकार निराळ्या पंक्तीचा आहे. ते आंबवून केलेले औषध असून त्यात सारिवेखेरीज इतर अनेक द्रव्ये असतात आणि ग्रंथांत ते प्रमेहामुळे होणाऱ्या पुटकुळ्या, उपदंश, वातरक्त आणि भगंदर अशा गंभीर विकारांसाठी सांगितले आहे. त्यामुळे "उष्णता झाली आहे, दोन चमचे घ्या" अशा सल्ल्यावरून ते घरात आणणे योग्य नाही. आंबवण्याच्या क्रियेत त्यात आपोआप मद्यार्क तयार होतो आणि तसे बाटलीवर लिहिलेलेही असते. लहान मुलांना, गर्भवतींना किंवा मद्यार्क वर्ज्य असणाऱ्यांना ते देण्यापूर्वी याचा विचार करायला हवा. चवीला ते आंबट-गोड आणि किंचित झणझणीत लागते. उपळसरीचा सुगंध त्यात शोधूनही सापडला नाही, पण तो असावा अशी अपेक्षाही नाही, कारण या औषधाची घडणच वेगळी आहे. बाटलीचे बूच, गाळाचे प्रमाण आणि लेबलावरील माहिती यांविषयी माझी तक्रार नाही.

सरबताच्या बाटलीने मात्र मला दुहेरी अनुभव दिला. तमिळनाडूत या मुळाला नन्नारी म्हणतात आणि उन्हाळ्यात नन्नारीच्या पाकात लिंबू पिळून केलेले सरबत तिथल्या हातगाड्यांवर सर्रास मिळते. मदुराईच्या प्रसिद्ध जिगरठंडा या पेयातही नन्नारीचा पाक पडतो. आंध्र प्रदेशात, विशेषतः रायलसीमेत, हे सरबत तितकेच लोकप्रिय आहे. आपल्याकडे कोकमाने आणि पन्ह्याने जी जागा घेतली आहे, ती तिकडे या मुळाने घेतली आहे, आणि ज्या वेलीच्या मुळ्या आपण फक्त औषधांच्या दुकानात शोधतो, ती तिकडे इतक्या सहज प्यायली जाते याचा मला थोडा हेवा वाटतो. मी घेतलेले सरबत थंड पाण्यात, लिंबाबरोबर, अतिशय चवदार लागले आणि पाहुण्यांनीही ते आवडीने प्याले. पेय म्हणून त्याला मी चांगले गुण देईन. परंतु लेबल वाचल्यावर साखर पहिल्या क्रमांकावर, नंतर पाणी, मग मुळाचा अर्क आणि त्यापुढे आम्लता नियंत्रक, संरक्षक, रंग आणि "नैसर्गिकसदृश स्वाद" अशी यादी दिसते. ज्या मुळाला स्वतःचाच इतका सुंदर वास आहे, त्याच्या सरबताला बाहेरून स्वाद घालावा लागत असेल तर त्यात मूळ किती असेल, असा प्रश्न पडतो. शिवाय दक्षिणेत नन्नारी या नावाने डेकालेपिसची मुळेही मोठ्या प्रमाणावर वापरली जातात, आणि या बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव नसल्याने त्यात नेमके कोणते मूळ आहे हे कळत नाही. डेकालेपिस ही रानातून अतिरेकी खणली गेल्यामुळे संकटग्रस्त गणली गेलेली वनस्पती आहे, त्यामुळे हा प्रश्न केवळ शुद्धतेचा राहत नाही. मधुमेह असलेल्यांनी "औषधी सरबत" या शब्दांना भुलू नये, कारण एका पेल्यात जाणारा पाक म्हणजे मुख्यतः साखरच असते.

याच बाटलीच्या मागच्या बाजूला आणि चूर्णाच्या पिशवीवरही "रक्तशुद्धी करणारे" अशी ओळ छापलेली आहे. त्वचाविकारांत आणि पित्त-रक्ताच्या तक्रारींत सारिवा देण्याची आयुर्वेदातील परंपरा जुनी आहे, आणि महामंजिष्ठादि काढ्यासारख्या योगांत ती असते. परंतु बाटलीवरच्या या घोषणेला दुसराही एक इतिहास आहे. युरोपात सोळाव्या शतकापासून अमेरिकेतून येणारी सार्सापरिलाची मुळे उपदंशावर (सिफिलिसवर) वापरली जात आणि पुढे रक्तशुद्धीचे औषध म्हणून त्यांच्या बाटल्या प्रचंड खपत. हिंदुस्थानातील इंग्रज डॉक्टरांना त्या महागड्या मुळांना पर्याय म्हणून उपळसरी सापडली आणि तिला "भारतीय सार्सापरिला" हे नाव मिळाले. वास्तविक दोन्ही वनस्पतींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, आणि उपदंश खऱ्या अर्थाने बरा होऊ लागला तो पेनिसिलीन आल्यावर. तेव्हा "रक्तशुद्धी" या शब्दाने आजच्या ग्राहकाने काय समजावे, हे उत्पादकाने सांगितलेले नाही. चेहऱ्यावरच्या मुरुमांपासून सोरायसिसपर्यंत सगळे त्यात बसवले जाते, ते मला अयोग्य वाटते.

विषघ्न हा सारिवेचा आणखी एक परंपरागत गुण. त्याच्या मागे लागून कोलकात्यातील संशोधकांनी 1990 च्या दशकात या मुळाच्या अर्कातून घोणसाच्या विषाचे काही परिणाम रोखणारा घटक वेगळा काढला आणि प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचा प्रभाव दाखवला. यकृताच्या संरक्षणाबाबतही उंदरांवरचे प्रयोग झाले आहेत. हे संशोधन महत्त्वाचे आहे, परंतु प्रयोगशाळेतील शुद्ध घटक आणि पुडीतील मूळ यांत फार मोठे अंतर असते. दुकानात माझ्यासमोरच एका गिऱ्हाइकाने "गावाकडे साप-विंचवासाठी ठेवायला" म्हणून हे मूळ मागितले. मालकांनी त्याला मूळ दिले, पण सोबत स्पष्ट सांगितले, "दादा, साप चावला तर आधी दवाखाना गाठायचा. तिथली लस घेतल्याशिवाय हे उगाळत बसू नका." सर्पदंशावर प्रतिसर्पविष हाच उपचार आहे आणि विक्री हातची जाण्याची शक्यता असूनही हे बोलून दाखवणारा दुकानदार मला विश्वासार्ह वाटतो.

दुकानाविषयी काही उणिवाही नोंदवायला हव्यात. सगळी मुळे उघड्या गोणपाटाच्या पोत्यांत, एकमेकांना चिकटून ठेवलेली आहेत, आणि उपळसरीच्या शेजारीच वेखंड आणि कचोरा असल्यामुळे पोत्याच्या कडेच्या मुळ्यांना वेखंडाचा उग्र वास लागलेला होता. सुगंध हाच ज्या वस्तूचा प्राण आहे, ती तरी झाकणाच्या पिंपात ठेवायला हवी. पोत्याच्या मध्यातून काढून मागितले की चांगला माल मिळतो, परंतु हे नव्या ग्राहकाला माहीत असण्याचे कारण नाही. माल कोठून येतो हे विचारल्यावर "घाटाखालून, आणि थोडा कर्नाटकातून" एवढेच उत्तर मिळाले, त्यापलीकडे तपशील मालकांनाही ठाऊक नव्हता, कारण खणणारा माणूस आणि दुकान यांच्यामध्ये दोन-तीन व्यापारी असतात.

हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण उपळसरीचे मूळ खोल जाते आणि ते काढायचे म्हणजे बहुधा पूर्ण वेल उपटावी लागते. पाने किंवा फळे तोडल्यासारखे हे नाही. खणताना मुळाचा वरचा, कोंब असलेला भाग परत मातीत लावला तर वेल पुन्हा फुटते, आणि मुळांच्या तुकड्यांपासून तिची लागवडही करता येते. विक्रीयोग्य मूळ तयार व्हायला मात्र दीड-दोन वर्षे थांबावे लागते, आणि रानातून फुकट मिळणाऱ्या मालापुढे लागवडीचा माल महाग पडतो. कातकरी आणि ठाकर कुटुंबांना रानातून खणून आणलेल्या मुळासाठी जो भाव मिळतो आणि शहरातील पुडीवर जो लागतो, त्यांतील अंतर कोणत्याही काष्ठौषधीच्या बाबतीत डोळ्यांत भरण्यासारखे असते. ज्या दुकानात लागवडीचा माल स्वतंत्र ठेवून त्याचे मूळ गाव सांगितले जाईल, तिथे मी थोडे अधिक पैसे आनंदाने देईन, आणि या मालकांनाही तसे सुचवले आहे. त्यांनी नकार दिला नाही, पण उत्साहही दाखवला नाही.

खरेदी करणाऱ्यांसाठी शेवटी एवढेच व्यावहारिक सांगते. एका वेळी 100 ग्रॅमपेक्षा अधिक मूळ घेऊ नये, घरी आणल्यावर ते काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत अंधारात ठेवावे, आणि वापरण्यापूर्वी भरपूर पाण्याने धुवावे, कारण सालीच्या भेगांत माती अडकलेली असते. नियमित औषधे सुरू असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी हिमसुद्धा वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. साल गळालेले जे तुकडे मी बाजूला काढले होते, ते परत नेऊन दाखवल्यावर मालकांनी कुरकुर न करता तेवढ्याच वजनाची बारीक मुळे दिली. पोत्याच्या मध्यातून.